१७ किलोमीटरनंतर पाय का संपले? दुखापतीनंतरच्या लाँग रनबद्दल

पुढच्या रविवारी ३० किलोमीटर करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर लांबणार आहे आणि तुम्ही ते वाचून संपवेपर्यंत ग्रुपमधल्या कुणीतरी ‘चल रे, जमेल’ म्हणून तुम्हाला तयार केलेलं असेल.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ४३, राहायला ठाण्यात, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल मॅरेथॉन. जूनमध्ये उजव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. एमआरआयमध्ये स्ट्रेस रिअ‍ॅक्शन निघाली, म्हणजे हाडाला तडा गेलेला नव्हता, पण त्या वाटेवर होता. आठ आठवडे धावणं बंद, ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा सुरुवात. रविवारचे रन वाढत वाढत १४, १६, १८ पर्यंत आले. पुढचे रविवार आधी दिवाळीत गावी आणि मग सर्दी-खोकल्यात गेले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी प्लॅनमध्ये २८ होते, म्हणून २८ केले. सतरापर्यंत मस्त चाललं होतं, ६:४० चा पेस (किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद), शेजारच्याशी गप्पा मारता येत होत्या. मग पाय जड झाले, डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली, पेस साडेआठवर गेला आणि शेवटचे पाच किलोमीटर चालत-धावत, कसेबसे. जुनी दुखरी नडगी मात्र गप्प होती. खाणं-पिणं म्हणाल तर अख्ख्या रनमध्ये एक एनर्जी जेल आणि अर्धा लीटर पाणी. सोमवारी जिना उतरताना डावा गुडघा धरत होता. आणि प्रश्न असा की, दम शिल्लक होता तर पाय का संपले, मनानेच हार मानली का?

मनाने मानली असती तर तुम्ही सतराव्या किलोमीटरलाच रिक्षा केली असती. अकरा किलोमीटर फरफटत नेलेत, उलट मन जरा जास्तच खंबीर निघालं.

आकडा बघा. दुखापतीनंतरचा तुमचा सर्वांत लांब रन १८ चा होता, आणि मोडायला सुरुवात झाली सतरानंतर. पायांनी जेवढं केलं होतं तेवढं त्यांनी बिनतक्रार करून दिलं. त्यापुढचे दहा किलोमीटर त्यांच्यासाठी नवे होते. तुमच्या प्लॅनमध्ये मधले २२ आणि २५ होते, ते हुकले, पण प्लॅनची तारीख पुढे सरकत राहिली आणि तुम्ही तारखेप्रमाणे धावलात. माझ्याकडे दुखापतीनंतर परत येणारे जे धावपटू पुन्हा अडकतात, त्यांच्यात ही गोष्ट मला सगळ्यात जास्त दिसते. हुकलेला आठवडा लोक झालेला धरतात. त्यातून तुमचा प्लॅन मुळात जूनच्या आधीचा, म्हणजे धडधाकट पायांसाठी बनवलेला.

दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा. त्या आठवड्यात रविवार सोडून तुम्ही ५, ६ आणि ८ धावलात, म्हणजे १९. त्यावर २८. आठवड्याच्या ४७ पैकी साठ टक्के धावणं एकाच सकाळी. आम्ही साधारणपणे लाँग रन आठवड्याच्या एकूण धावण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ठेवायला सांगतो. हौशी धावपटूंना नोकरी-घर सांभाळून ते जमत नाही, हे मान्य. चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं तरी मी फारसा बोलत नाही. साठ टक्के म्हणजे आठवडाभर पाय अर्धवट कामावर आणि रविवारी एकदम डबल शिफ्ट. लोक दुखापतीनंतर मधले दिवस ‘जपून’ कमी करतात आणि लाँग रन मात्र मोठा ठेवतात, कारण मॅरेथॉन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तोच असतो. हाडासाठी हे नेमकं उलटं आहे. बुधवारच्या आठचे दहा करणं रविवारच्या अठराचे अठ्ठावीस करण्यापेक्षा फार सुरक्षित असतं.

आता दम आणि पाय यांच्यातल्या फरकाबद्दल, कारण खरी फसगत तिथे होते.

धावणं थांबलं की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवाचा भाग कमी होतो, त्यामुळे पुन्हा सुरू केल्यावर नाडी धाडधाड वाढते, धाप लागते. पण तोच भाग परतही लवकर येतो. तुम्ही मधल्या काळात सायकल आणि पोहणं चालू ठेवलं होतं, त्यामुळे हृदय-फुप्फुसं तर फार मागे गेलीच नव्हती. स्नायू त्याहून सावकाश परततात. स्नायूबंध, म्हणजे टाचेच्या मागची जाड दोरी वगैरे, आणखी सावकाश. आणि हाड सगळ्यांत शेवटी. हाडाची डागडुजी होते तेव्हा आधी जुना भाग खरवडून काढला जातो, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या जागी नवं हाड भरून पक्कं व्हायला त्यापुढे तीन-चार महिने. मधल्या काळात हाड दुखत नसलं तरी आधीइतकं भक्कम नसतं. मनगटावरच्या घड्याळाला यातलं काहीही दिसत नाही. त्याला नाडी दिसते, आणि नाडी सांगते की सगळं उत्तम आहे. घड्याळाने तुम्हाला ‘प्रॉडक्टिव्ह’ म्हटलं असेल तर ते तुमच्या हृदयाला म्हटलंय, नडगीला नव्हे.

पोटरीचं तर वेगळंच प्रकरण. पोटरीत वर दिसणारा फुगीर स्नायू सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याखाली सोलियस नावाचा चपटा स्नायू असतो, आणि सपाट रस्त्यावर सावकाश धावताना मुख्य राबतो तो हा. प्रत्येक पावलाला त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-सात पट जोर येतो. नडगीच्या हाडाला वाकवणारा ताण तोलून धरण्याचं बरंचसं काम त्याचंच. तो थकला की पुढचा भार हाडाकडे आणि गुडघ्याकडे जातो. आठ आठवड्यांच्या विश्रांतीत हा स्नायू चांगलाच खाली येतो, आणि सायकल चालवून तो परत मिळत नाही. पोहून तर नाहीच.

आज घरी एक गोष्ट करून पाहा. भिंतीला दोन बोटं टेकवा, एका पायावर उभे राहा, गुडघा ताठ ठेवून टाच पूर्ण वर उचला, सावकाश खाली आणा. दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. किती होतात ते मोजा, मग दुसऱ्या पायाचे. तुमच्या वयाच्या, फुलची तयारी करणाऱ्या माणसाला प्रत्येक पायावर पंचवीसच्या आसपास स्वच्छ जमायला हवेत. दुखापतीनंतर रनिंग करत असलेल्या लोकांना मी हे करायला लावतो तेव्हा दुखरा पाय बारा-चौदाला थरथरायला लागतो आणि माणूस अचंब्याने माझ्याकडे बघतो, कारण आदल्याच रविवारी तो वीस किलोमीटर धावून आलेला असतो. धावलेला असतो खरा, पण त्या पायाचं काम दुसऱ्याने केलेलं असतं.

म्हणजेच तुमचा डावा गुडघा. उजव्या नडगीची काळजी म्हणून शरीर आपोआप उजव्या पायावर कमी वेळ टेकतं. तुम्हाला ते कळतही नाही. सतरा किलोमीटर म्हणजे सुमारे अठरा हजार पावलं, त्यातली निम्मी डाव्या पायाने जरा जास्त जोरात टाकली. वर खुब्याच्या बाजूचे स्नायू थकले की मांडी आत झुकते, आणि मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणारा जो जाड पट्टा असतो, आयटी बँड, त्याखालची जागा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्याशी चेपली जाते. गुडघा साधारण तीस अंशांत वाकलेला असताना ते सगळ्यांत जास्त होतं. म्हणूनच जिना उतरताना धरतो, चढताना फारसा नाही. म्हणूनच थकून पेस कमी केल्यावर दुखणं कमी न होता वाढलं, कारण सावकाश, जड पावलं टाकताना पाय नेमक्या त्याच कोनात जास्त वेळ टेकलेला राहतो. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून मला हेच वाटतं. सांध्याच्या आत सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक सुटल्यासारखा वाटत असेल तर मात्र हा अंदाज बाजूला ठेवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. तुम्ही येऊरला धावलात की घोडबंदर रोडला, ते लिहिलेलं नाही. येऊरचा उतार असेल तर गुडघ्याचं अर्धं कोडं तिथेच सुटलं. आणि हायवेच्या एकाच कडेने जाऊन-येऊन धावलात तर रस्त्याचा कडेकडचा उतार एकाच पायाला सतत बाधतो, तेही बघा.

या बाबतीत जोन बेनॉइटची गोष्ट हमखास सांगितली जाते, बहुतेक वेळा अर्धीच. १९८३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनला २:२२:४३ अशी त्या वेळची महिलांमधली जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवलेली ही अमेरिकन धावपटू. १९८४ च्या मार्चमध्ये वीस मैलांच्या, म्हणजे ३२ किलोमीटरच्या सरावात तिचा उजवा गुडघा असा धरला की शेवटी चालावं लागलं. २५ एप्रिलला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि १२ मे रोजी अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन होती. मध्ये १७ दिवस. ती धावली, जिंकली, आणि ५ ऑगस्टला लॉस एंजेलिसमध्ये महिलांची पहिलीवहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही २:२४:५२ मध्ये जिंकली. इथे लोक टाळ्या वाजवून थांबतात. मधला भाग असा आहे की शस्त्रक्रियेनंतर घाईने सराव सुरू केल्यावर उजवा पाय सांभाळण्याच्या नादात तिच्या डाव्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. जगातल्या सर्वोत्तम धावपटूच्या शरीरानेही तेच केलं जे तुमच्या शरीराने केलं. फरक इतकाच की तिच्यामागे अनेक वर्षांचं, आठवड्याला दीडशे किलोमीटरच्या घरातलं धावणं होतं, ते दोन-तीन आठवड्यांत कुठे जात नाही. आपल्याला ती गोष्ट ‘बघा, सतरा दिवसांत’ म्हणून लागू होत नाही. दुसरा पाय सांभाळा, एवढीच लागू होते.

दुखण्याच्या नियमाबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण यात गोंधळ फार आहे. शून्य ते दहाच्या मापात तीनपर्यंत दुखलं तरी धावा, हे तुम्ही ऐकलं असेल. हा नियम स्नायूबंधांच्या दुखण्यासाठी आहे. टाचेमागची दोरी दुखत असेल तर धावताना तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत, हे चालतं. त्यांना थोडा भार लागतोच. हाडाला हा नियम लावायचा नाही. हाडाच्या जागी एक जरी असेल तरी रन बंद. घरी जायचं. आयटी बँड या दोघांच्या मध्ये कुठेतरी. तो सुरू झाल्यावर ‘गरम होऊन सुटेल’ असं होत नाही. कळ सुरू झाल्यापासून तुम्ही धावत राहिलात तेवढे जास्त दिवस तो धरून बसतो.

नडगीची तपासणी दर सोमवारी आणि मंगळवारी सकाळी करा. अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवरून वरपासून खालपर्यंत दाबत जा. सगळीकडे पसरलेलं, वीतभर लांबीत थोडं थोडं दुखत असेल तर ते स्नायूच्या चिकटण्याच्या जागेचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. दोन-तीन बोटांच्या जागेत नेमकं ‘इथे’ असं बोट ठेवता येत असेल, तिथे दाबल्यावर जीव कळवळत असेल, तर हाड. एका पायावर दहा उड्या मारताना तिथेच टोचलं, किंवा रात्री अंथरुणात ठणका लागला, तर पुढच्या रनचा विचारच करू नका, ज्यांनी एमआरआय करायला सांगितला होता त्यांच्याकडे परत जा. तुमची जागा आतल्या कडेची, ती तुलनेने भरून येणारी. हेच दुखणं नडगीच्या अगदी पुढच्या धारेवर, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, किंवा जांघेत खोलवर असेल तर ते वेगळ्या गटात जातं. तिथले तडे नीट न भरण्याची आणि पुढे वाढण्याची भीती असते. जांघेतलं दुखणं घेऊन ‘स्नायू ओढला गेलाय’ म्हणत तीन आठवडे धावत राहिलेले लोक मी पाहिलेत. खुब्याच्या हाडाची मान आहे ती. तिथे एक किलोमीटरही नाही, लंगडतही नाही.

आणि पेनकिलर घेऊन लाँग रनला निघायचं नाही. ग्रुपमध्ये हे सर्रास चालतं, कुणी कुणाला गोळी देतं, मला त्याचा राग येतो. घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी मिळत असतं, त्यात या गोळ्या आणखी भर घालतात, पोटाच्या तक्रारी वेगळ्याच. शिवाय तुमच्या बाबतीत नडगी बोलली तर ऐकू यायला हवी. तिचंच तोंड बंद करून काय मिळणार?

खाण्याकडे येतो. एक जेल म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं. तुम्ही सव्वातीन तासांहून जास्त वेळ रस्त्यावर होता. तासाला तीस ते साठ ग्रॅम लागतात, म्हणजे कमीत कमी नव्वद ते शंभर ग्रॅम हवे होते, तुम्ही पाव भाग घेतला. दुखापतीच्या आधी तुमचं एका जेलवर भागत असेल. धावण्याची सवय मोडली की त्याच पेसला शरीर चरबी कमी आणि साखर जास्त जाळतं, साठा लवकर रिकामा होतो, आणि पूर्वी तिसाव्या किलोमीटरनंतर जी भिंत यायची, म्हणजे पाय अचानक गळायचे, ती विसाच्या आतच येते. तुमच्या ‘पाय जड’मध्ये हा हिस्सा नक्की होता. जेल आवडत नसेल तर केळं घ्या, मध्यम आकाराच्या केळ्यात एका जेलइतकं मिळतं. खजूर चालतात, चिक्की धावताना घशात अडकते. पहिला घास भूक लागल्यावर नाही, तर पाऊण तासाला.

नोव्हेंबरात ठाण्याला सकाळी सव्वापाचला गार वाटतं, पण हवेत दमटपणा भरपूर असतो. घाम वाळत नाही, अंगावरून नुसता गळतो. साडेसातनंतर ऊन आलं की तोच पेस जास्त महाग पडतो. निघण्यापूर्वी आणि आल्यावर वजन करा, जे घटलं ते जवळजवळ सगळं पाणी, एक किलो म्हणजे सुमारे एक लीटर. अर्धा लीटर पाण्यात तुम्ही नक्कीच कोरडे पडला होता. याचा अर्थ शर्यतीत पाण्याच्या दर टेबलापाशी दोन ग्लास असाही नव्हे. सावकाश धावणारा, पाचेक तास रस्त्यावर असणारा माणूस नुसतं साधं पाणी ढोसत राहिला तर रक्तातलं सोडियम खाली जाऊन प्रकरण गंभीर होऊ शकतं. तहानेप्रमाणे प्या, पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस असू द्या.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, मी विचारतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास केले होते का? किंवा गेले काही महिने रात्री आठ ते दुपारी बारा पोट रिकामं, असलं काही चालू आहे का? धावणं बंद असताना वजन वाढेल या भीतीने दुखापत झालेली माणसं नेमकं तेव्हाच खाणं कमी करतात. हाड भरायला अन्न लागतं. पुरेसं खाल्लं नाही तर शरीर आधी हाडांच्या कामाला कात्री लावतं, आणि हे पुरुषांनाही होतं. बायकांमध्ये निदान पाळी अनियमित झाली की इशारा मिळतो, पुरुषांना तोही नाही. ड जीवनसत्त्व तपासलं नसेल तर तपासा. ऑफिसात बसणाऱ्या, पहाटे अंधारात धावणाऱ्या शहरी माणसाचं ते कमी निघालं तर मला नवल वाटत नाही. त्याचे डोस मात्र डॉक्टरांनी ठरवायचे.

आता, अकरा किलोमीटर फरफटत नेणं. यावर माझं मत तुम्हाला आवडणार नाही. सतराव्या-अठराव्याला जेव्हा कळ सुरू झाली, पाऊल बदललं, तेव्हाच रन संपला होता. थकवा हरकत नाही, थकव्यात धावण्यासाठीच लाँग रन असतो. पाय जड आहेत, चेहरा वाकडा झालाय, शिव्या येताहेत, चालू द्या. पण चाल बदलली, एक पाय टेकवताना आवाज वेगळा यायला लागला, एका बाजूला झुकायला लागलात, की त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर तुम्ही लंगडण्याचा सराव करता. त्यातून तयारी होत नाही. मागून येणाऱ्या मित्राला सांगून ठेवा, ‘माझी चाल बिघडली की सांग.’ स्वतःला ते उशिरा कळतं. वेळ कमी असल्यामुळे लोक एकच लांब रस्ता धरतात, चौदा जाऊन चौदा परत. दुखापतीनंतर तसं करू नका, कारण चौदाव्याला दुखलं तर परत यायलाच लागतं. उपवन तलावाच्या आसपास पाच-सहा किलोमीटरचे फेरे मारा, दर फेरीला गाडीपाशी या. कंटाळा येतो, येऊ द्या. खिशात रिक्षाचे पैसे असू द्या.

मनाचं म्हणाल, तर भीती असतेच. पहिले कित्येक आठवडे प्रत्येक पावलाला लक्ष नडगीकडे असतं, आणि इतकं लक्ष दिलं की धडधाकट पायातही काहीतरी सापडतं. तपासणीची वेळ ठरवून टाका: सकाळी अंगठ्याने दाबून, आणि रनमध्ये दर पाच किलोमीटरला एकदा. मध्ये नाही. हे बऱ्याच जणांना लागू पडतं.

पुढच्या नऊ आठवड्यांचं असं करा. या आठवड्यात गुरुवारपर्यंत धावणं नाही, चालणं आणि सायकल. जिना उतरताना गुडघा धरायचा थांबला की शुक्रवारी पाच किलोमीटर सपाटीवर. ते स्वच्छ गेले तर रविवारी १२, नाहीतर रविवारही सोडा. त्यानंतरच्या रविवारांना १६, मग २०, मग एक हलका १५, मग २४, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी २६ किंवा साडेतीन तास, यातलं जे आधी येईल ते. साडेतीन तासांच्या पुढे सरावात जाऊन मिळण्यापेक्षा जातं जास्त. जानेवारीच्या पहिल्या रविवारी १८, दुसऱ्या रविवारी १०-१२ आणि मग शर्यत. मधल्या दिवसांचे १९ हळूहळू तिशीच्या पुढे न्या, चार दिवसांत विभागून. एखादा रविवार हुकला तर पुढच्या रविवारी हुकलेला आकडा करायचा, प्लॅनमधला पुढचा नाही.

व्यायाम आठवड्यातून दोनदा, धावून झाल्यावर त्याच दिवशी. टाच उचलणं गुडघा ताठ ठेवून आणि गुडघा वाकवूनही (गुडघा वाकवला की सोलियस जास्त राबतो), पुढे पाठीवरच्या सॅकमध्ये वजन घालून. पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, आरशासमोर, गुडघा आत झुकू न देता. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. आयटी बँडवर फोम रोलर घासत बसण्यात मला फार अर्थ दिसत नाही, तो पट्टा लांबत नाही, लोकांना दुखतं म्हणून वाटतं की काहीतरी होतंय. धावताना पावलं जरा छोटी आणि जलद करा, मिनिटाला पाच टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा भार उतरतो. सध्या १५८ असतील तर १६६ च्या आसपास, त्याहून जास्त नको.

१६ च्या पुढचे सगळे रन चालत-धावत करा, पण थकल्यावर चालायचं असं नाही. पहिल्या किलोमीटरपासून नऊ मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. अमेरिकन ऑलिंपियन जेफ गॅलोवेने ही पद्धत लोकप्रिय केली, आणि आपल्याकडे अजूनही काही जण तिला कमीपणा समजतात. पाय ताजे असताना घेतलेला एक मिनिट सोलियसला आणि हाडाला जेवढा उपयोगी पडतो तेवढा पंचविसाव्याला घेतलेला नाही. मुंबईत पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात, पाय संपत आलेले असताना येतो. तिथे सगळेच चालतात. तुम्ही आधीपासून चालत आलेले असाल तर कदाचित तिथे धावाल.

निर्णय डिसेंबरच्या शेवटच्या रविवारनंतर, मंगळवारी सकाळी घ्या. २४ आणि २६ दोन्ही चाल न बिघडता झाले, मंगळवारपर्यंत जिना नेहमीसारखा उतरता आला, नडगी दाबून स्वच्छ आहे आणि एका पायावर पंचवीस टाचा होतात, तर फुल करा, वेळेची अट न ठेवता, पूर्वीच्या तुमच्या वेळेपेक्षा पाऊण तास जास्त धरून. गुडघा मधूनमधून बोलतोय पण नडगी ठीक, तर सुरुवातीच्या रेषेवर उभे राहा आणि अर्ध्यावर थांबण्याची तयारी ठेवूनच राहा, घरच्यांना तिथे उभं राहायला सांगा. नडगीवर बोट ठेवून दुखतंय, तर नाही.

बूट ऑगस्टमध्ये घेतलेत असं लिहिलंय, ते जानेवारीपर्यंत चालतील. नवीन घ्यायचेच असतील तर तेच मॉडेल, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. शर्यतीआधी भरणाऱ्या एक्स्पोमधून, म्हणजे धावपटूंच्या प्रदर्शनातून, घेऊन रविवारी घालायचे नाहीत.